स्किन ग्राफ्ट झाल्यावर घरी काय करायचं, आईच्या हाताचं वर्षभर केलं त्यावरून

डिस्चार्जच्या दिवशी वाटतं सुटलो एकदाचे. फाईल, गोळ्यांची पिशवी, "चार दिवसांनी ड्रेसिंगला या" एवढं ऐकून आपण रिक्षात बसतो, आणि खरं काम तिथून पुढे चालू होतं ते कोणी नीट बसवून सांगितलेलंच नसतं. माझ्या आईच्या उजव्या हातावर दिवाळीत चकल्या तळताना कढई कलंडून तेल सांडलं, मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत, आणि कोपराच्या आतल्या खळगीत सगळ्यात खोल भाजलं. वरवरचं होतं ते दोन आठवड्यांत भरलं, पण खोल भाग काही भरेना, मग मांडीची कातडी काढून तिथे लावली, हाच स्किन ग्राफ्ट. त्यानंतरचं सव्वा वर्ष तिचं ड्रेसिंग, खाणं, व्यायाम, पट्टे सगळं मी केलंय, म्हणून लिहितेय. मी डॉक्टर नाही, तुमच्या सर्जननी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, कारण प्रत्येक जखम वेगळी असते.

आधी एक गोष्ट. प्लास्टिक सर्जरी म्हटल्यावर आमच्याकडे दोघातिघांनी विचारलं, प्लास्टिक लावणार का हाताला? तर नाही, तो शब्द घडवणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलाय, आणि हे काही फक्त नट्यांचं काम नाही, इंग्रजांच्या फौजेतल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाची कातडी वळवून आपल्या पुण्यातच परत घडवलं होतं, तेही १७९३ च्या सुमाराला, आणि ती हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली होती. म्हणजे आपल्याच अंगाची जिवंत कातडी एका जागेवरून उचलून दुसरीकडे रुजवायची. मराठीत त्वचारोपण म्हणतात ते फार बरोबर आहे. कोकणातल्या माणसाला सांगायचं तर हे आंब्याचं कलमच. कलम बांधल्यावर आपण रोज सोडून बघतो का धरलं का नाही म्हणून? नाही ना, तसंच हे.

आणि सगळ्या काळजीचं सार मला विचाराल तर एवढंच आहे की पहिले काही दिवस अजिबात हलवायचं नाही, आणि एकदा धरलं की मग अजिबात थांबायचं नाही. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. पहिल्या आठवड्यात पेशंट उठून "मी करते गं" म्हणून कप उचलतो आणि दुसऱ्या महिन्यात दुखतंय म्हणून हात पोटाशी धरून बसून राहतो.

पहिले पाच दिवस का हलवायचं नाही ते कळलं की आपोआप पाळलं जातं. लावलेली कातडी असते कागदाइतकी, साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर. तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिला दीड-दोन दिवस ती खालच्या जखमेतून पाझरणाऱ्या लसेवर जगते, अक्षरशः ते पाणी पिऊन. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खालच्या बारीक रक्तवाहिन्यांची तोंडं वरच्या तोंडांना जुळायला लागतात आणि पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत रक्त नीट खेळायला लागतं. त्या मधल्या काळात कातडी इकडची तिकडे नुसती सरकली तरी जुळलेलं तुटतं. खाली रक्त किंवा पाणी साठलं तरी तेच, कातडी वर उचलली जाते आणि खालून खाणंपिणं बंद. म्हणून वरून दाबून बँडेज बांधतात, मागून प्लास्टरची पट्टी लावतात, आणि ग्राफ्टला बारीक जाळी पाडतात की पाणी तिथून निघून जावं. ती जाळीची नक्षी पुढे वणावर थोडीफार दिसत राहते, आईच्या हातावर अजून दिसते, ते आधीच सांगून ठेवलेलं बरं.

तर या दिवसांत हात असेल तर दोन उशांवर, हृदयाच्या वर राहील असा. पाय असेल तर झोपूनच, पाय खाली सोडून बसायचं नाही, डॉक्टर सांगतील तेव्हाच पाच पाच मिनिटं खाली सोडायला सुरुवात आणि तीही क्रेप बँडेज बांधून. बांगड्या, अंगठ्या आधीच काढून ठेवा, सूज आल्यावर निघत नाहीत. दर दोन-तीन तासांनी बँडेजच्या बाहेरची बोटं बघायची, गरम आणि गुलाबी हवीत, नख दाबून सोडलं की रंग लगेच परत यायला हवा. निळी, गार, बधिर झाली तर रात्र असो वा रविवार, फोन करायचाच.

पाचव्या दिवशी पहिलं ड्रेसिंग उघडलं तेव्हा मी आत होते. आधी सलाईनने भिजवून भिजवून वरचे थर काढले, वीस मिनिटं तरी लागली असतील, आणि शेवटची पिवळट चिकट जाळी उचलल्यावर खाली जे दिसलं ते बघून माझ्या पोटात गोळाच आला. जांभळट लाल, ओलसर, मध्ये मध्ये कातडी जागेवर धरायला मारलेल्या चांदीसारख्या पिना. मला वाटलं गेलं सगळं. आणि सिस्टर म्हणाल्या, छान धरलंय! असाच दिसतो धरलेला ग्राफ्ट, लालसर आणि खालच्या भागाला चिकटलेला. घाबरायचं ते काळा किंवा पांढरा फटक दिसला, खाली पाणी डुचमळलं किंवा हिरवट पू आणि घाण वास आला तर. काठाला एखाद-दोन ठिकाणी नखाएवढी जागा धरली नाही असं बऱ्याच जणांना होतं, ते नुसत्या ड्रेसिंगवर बाजूने भरून येतं, परत ऑपरेशन लागतंच असं नाही. पिना आईच्या दहाव्या दिवशी काढल्या.

आता मांडी. हे कोणीच आधी सांगत नाही आणि सांगायला पाहिजे, की जिथे कातडी लावली त्यापेक्षा जिथून काढली ते जास्त दुखतं. कारण वरचा थर खरवडून काढल्यावर तिथले मज्जातंतू उघडे पडतात, मोठ्या खरचटण्यासारखं, पार आग आग. आई हाताबद्दल काही बोलायची नाही, मांडीसाठी रडायची. पहिले तीन-चार दिवस दुखण्याची गोळी वेळेवर द्या, दुखायला लागल्यावर नाही, घड्याळ लावून. पण डॉक्टरांनी लिहिलेलीच.

मांडीचं ड्रेसिंग उघडायचं नसतं. आतली मेणाची जाळी जखमेला चिकटलेली असते आणि तिच्याखाली केसांच्या मुळांपासून नवीन कातडी पसरत असते, साधारण दहा ते चौदा दिवसांत, वय जास्त असलं तर तीन आठवडेसुद्धा. भरलं की जाळी आपोआप सुटते, सुटेल तेवढी कात्रीने कापायची आणि बाकीची तशीच. आमच्याकडे काय झालं, वरचं बँडेज लसेने भिजलं म्हणून मी घाबरून गल्लीतल्या एका दवाखान्यात नेलं आणि तिथल्या माणसाने एका झटक्यात आतली जाळीसुद्धा ओढून काढली. आई किंचाळली, रक्त आलं आणि आठ दिवसांचं भरलेलं परत ओलं. दहा दिवस वाढले. म्हणून सांगते, भिजलं तर फक्त वरचा कापूस आणि पट्टी बदलायची, आतलं नाही, आणि दुसऱ्या कोणाकडे जायची वेळ आली तर आधी तोंडाने सांगायचं, ही डोनरची जागा आहे, आतली जाळी काढू नका. चौदाव्या दिवसानंतर सर्जनने सांगितलं की बाथरूममध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून कोमट पाण्याचा मग वरून हळूहळू सोडा. रोज दहा मिनिटं. तिसऱ्या दिवशी परत लावलेल्या जाळीचा एक कोपरा सुटला, मग रोज दोन-दोन बोटं, आणि खाली गुलाबी, गुळगुळीत, बाळाच्या कातडीसारखी कातडी. आई त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

खाण्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आपल्याकडे जखम झाली की घरातल्या मोठ्यांचं पथ्य चालू होतं. भात नको पू होईल, दही नको, आंबट नको, वांगं नको, दूध प्यायलं की पांढरा डाग राहील. या सगळ्यात पेशंट काय खातो तर चहा-बिस्कीट आणि मऊ खिचडी, तीही चार घास. अहो पण कातडी तयार व्हायला माल लागतो की नाही? तो माल म्हणजे प्रोटीन. मोठी जखम भरत असताना किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास लागतं, म्हणजे ६० किलोच्या बाईला ९० ग्रॅम. हे आपल्या रोजच्या जेवणात सहज होत नाही, मुद्दाम मोजून करावं लागतं. एका अंड्यात ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात ६ ते ७, ग्लासभर दुधात ७, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, १०० ग्रॅम चिकनमध्ये २५ च्या आसपास, मूठभर शेंगदाण्यात ७. आमचा ग्राफ्ट आला ऐन मार्गशीर्षात, आई गुरुवारी उपास धरणारी आणि महिनाभर अंडंसुद्धा न खाणारी. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मग सकाळी दूध आणि शेंगदाण्याचा लाडू, अकराला मुगाचं धिरडं, जेवणात दोन वाट्या वरण, पनीर किंवा सोयाबीन, चारला ताक नाही तर दही, रात्री परत दूध. गुरुवारी साबुदाण्याच्या खिचडीऐवजी राजगिरा, दाणे, पनीर. दही खाल्ल्याने पू वगैरे काही झाला नाही. पू होतो तो जंतूंनी, दह्याने नाही. सोबत पेरू, आवळा, लिंबू, मोसंबी, कारण क जीवनसत्त्वाशिवाय जखमेतलं कोलॅजेन, म्हणजे कातडीला बळकटी देणारं प्रोटीन, नीट बनत नाही. किडनीचा त्रास असेल तर मात्र प्रोटीन डॉक्टरांना विचारूनच. आणि शुगर असेल तर रोज मोजा, वाढलेल्या शुगरवर जखम भरत नाही, चिघळते.

तंबाखू आणि मशेरी. सिगरेट बंद करा हे डॉक्टर पुरुषांना सांगतात, पण मशेरी लावणाऱ्या बायकांना कोणी विचारत नाही आणि त्या स्वतःहून सांगत नाहीत, त्यांना ते व्यसन वाटतच नाही, दात घासणं वाटतं. निकोटिन मशेरीतही असतं आणि निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात. म्हणजे इकडे रक्तवाहिन्या जुळायची धडपड आणि तिकडे आपण त्यांचा गळा दाबायचा. ज्यांचा फ्लॅप झालाय, म्हणजे कातडीबरोबर खालचं मांस आणि त्याची रक्तवाहिनीसुद्धा उचलून लावलीय, त्यांना तर हे फारच महागात पडतं, फ्लॅप काळा पडू शकतो. माझी मावशी आईजवळ राहायला आली होती, तिने आईला हळूच डबी दिलेली मी बघितली. मी मावशीला हात जोडून विनंती केली की निदान दोन महिने नको. घरात अशी डबी असेल तर डॉक्टरांना खरं सांगा, लाजू नका.

जखमेवर काय लावायचं? लिहून दिलेलं मलम, बास. हळद, तूप, टूथपेस्ट, कोरफड, राख, मेडिकलवाल्याने दिलेलं कुठलंही ट्यूब, काही नको. डेटॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साईड जंतूंबरोबर नवीन पेशीही मारतात. भाजलं त्याच दिवशी शेजारच्या काकूंनी मायेने आईच्या हाताला हळद थापली होती, ती हॉस्पिटलमध्ये घासून काढताना तिचे जे हाल झाले ते मी विसरू शकत नाही. भाजलं की ताबडतोब नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरायचं, बर्फ नाही, आणि स्वच्छ कापड झाकून दवाखाना गाठायचा. ड्रेसिंग घरी करायला सांगितलं असेल तर हात साबणाने धुवा, पंखा बंद करा, जुनं भिजवून काढा, आणि प्रत्येक वेळी मोबाईलवर फोटो काढा, त्याच खिडकीजवळ, तेवढ्याच अंतरावरून. फोटो ओळीने बघितले की भरतंय का बिघडतंय ते लगेच कळतं, आणि फोनवर डॉक्टरांना दाखवताही येतं.

वाट बघत बसायचं नाही अशा गोष्टी: ताप १०१ च्या वर, कमी होत आलेलं दुखणं परत वाढणं, काठाची लाली पसरत जाणं, वास, हिरवट पू, न थांबणारं रक्त. बरेच दिवस पडून असलेल्या माणसाची एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली तर थेट इमर्जन्सीला, पायात रक्ताची गाठ झालेली असू शकते.

इथपर्यंत लोक करतात. जखम सुकली की सगळे म्हणतात झालं बरं, आणि इथेच हात वाया जातो. जखम वरून बंद झाली तरी आतलं काम वर्ष-दीड वर्ष चालू असतं. तीन आठवड्यांनी त्या जागेला मूळच्या कातडीच्या पाव-एक भाग ताकद आलेली असते, तीन महिन्यांनी फार तर ८० टक्के, आणि पूर्ण कधीच येत नाही. आणि या काळात वण आवळत जातो. दुखू नये म्हणून आपण जी पोझिशन घेतो नेमक्या त्याच पोझिशनमध्ये तो आखडून बसतो. कोपर भाजलं की माणूस कोपर दुमडून ठेवतो, गळा भाजला की हनुवटी खाली घालतो, गुडघ्याच्या मागे भाजलं की खाली उशी घेतो. म्हणून गळ्याच्या पेशंटला डोक्याखाली उशी नाही, गुडघ्याखाली नाही, आणि कोपर रात्री स्प्लिंटमध्ये, म्हणजे सांधा हलू न देणाऱ्या कडक पट्टीत, सरळ.

फिजिओने आम्हाला दिवसातून चार वेळा सांगितलं होतं, प्रत्येक वेळी आधी खोबरेल तेल लावून मसाज, अंगठ्याच्या सपाट भागाने गोल गोल, वण पांढरा होईल इतका दाब, पाच-दहा मिनिटं, मग कोपर हळूहळू सरळ करून शेवटच्या टोकाला वीस आकडे मोजेपर्यंत धरायचं. झटका नाही. हे कातडी पूर्ण बंद झाल्यावरच आणि फिजिओने हो म्हटल्यावरच सुरू करायचं, कारण नवीन कातडीला सुरुवातीला घासलं तरी पाण्याचे फोड येतात. आले तर फोडू नका, झाकून ठेवा. आम्ही तिसऱ्या महिन्यात भावाच्या लग्नाच्या गडबडीत बारा दिवस स्प्लिंट आणि व्यायाम दोन्ही सोडलं. बारा दिवस फक्त. तेवढ्यात कोपर सरळ व्हायचं ते मुठीएवढं अंतर राहायला लागलं, आईला पाटावर हात टेकून उठता येईना. ते परत मिळवायला दोन महिने लागले, रोज रडून. बाकी काही विसरलात तरी चालेल पण हे विसरू नका.

प्रेशर गार्मेंट म्हणजे मापाने शिवलेला घट्ट इलॅस्टिकचा बाही-मोजा. जखम भरायला तीन आठवड्यांपेक्षा जास्त लागले किंवा ग्राफ्ट झाला की बहुतेक वेळा देतात, म्हणजे वण जाड आणि उंच होत नाही. दिवसातले २३ तास घालायचा, काढायचा तो फक्त आंघोळ आणि मसाजला. दोन घ्या, एक धुवायला एक अंगात. कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवायचा, पिळायचा नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा आणि सावलीत आडवा वाळवायचा, उन्हात इलॅस्टिक मरतं. दोन-तीन महिन्यांनी सैल होतो, तेव्हा माप घेऊन नवीन. सैल मोजा घालून काही उपयोग नाही. एप्रिल-मेमध्ये आई अक्षरशः वैतागली होती, आत घामोळं यायचं, मग दुपारी काढून गार पाण्याने धुवून पंख्याखाली पंधरा मिनिटं आणि परत. त्याच्या आत जिथे वण जाड होता तिथे सिलिकॉनची पट्टी, ती रोज धुवायची, पुरळ आलं तर एक-दोन दिवस बंद.

खाज. बाई गं, ती खाज. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू झाली आणि काही महिने गेली नाही. खाज म्हणजे भरतंय हे खरं पण झोपेत नखाने ओरबाडलं की जखम परत. नखं बारीक कापा, रात्री हातांत सुती हातमोजे घाला, खाजवण्याऐवजी तळहाताने दाबा किंवा थापटा, गार ओला रुमाल ठेवा, आणि खूपच असेल तर डॉक्टर रात्रीची गोळी देतात, मागून घ्या. पातळ ग्राफ्टमध्ये तेलाच्या आणि घामाच्या ग्रंथी नसतात म्हणून ती कातडी स्वतःहून कधी मऊ राहत नाही, कोरडी पडून भेगाळते आणि जास्त खाजते. खोबरेल किंवा साधं व्हॅसलीन दिवसातून तीन-चार वेळा, आणि हे पुढे कायमचंच.

ऊन वर्षभर टाळा, पूर्ण बाही, बाहेर जाताना एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, नाहीतर वण काळाकुट्ट होतो. मांडीवरचा चौकोन वर्षभर तरी वेगळ्या रंगाचा दिसतो. आणि स्पर्श हळूहळू, अर्धवटच परत येतो. आईला त्या भागावर गरम कळायचं नाही, कुकरची कड लागून परत फोड आला तेव्हा लक्षात आलं. तेव्हापासून ती चिमटा डाव्या हाताने धरते.

पैशाचं म्हणाल तर भाजण्याचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत येतात, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये पेशंटला मदत करायला योजनेचे आरोग्यमित्र बसतात त्यांना रेशनकार्ड आणि आधार घेऊन ऑपरेशनच्या आधी भेटा, नंतर नाही. फार मोठं भाजलं असेल आणि स्वतःची कातडी पुरत नसेल तर स्किन बँकेची कातडी तात्पुरती लावतात, मुंबईत सायन हॉस्पिटलची आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरची स्किन बँक आहे. ती कातडी माणूस गेल्यावर सहा तासांच्या आत दान केलेली असते.

मोजा कधी सोडायचा हा शेवटचा प्रश्न. वण बोटाने दाबून सोडायचा. पांढरा होऊन झटकन परत लाल भडक होत असेल तर अजून आत काम चालू आहे. चिमटीत मऊ लागतो, सपाट आहे, लाली गेली, खाज गेली, मग डॉक्टरांना दाखवून हळूहळू कमी करायचा, आधी दिवसाचा, मग रात्रीचा. आईचा चौदाव्या महिन्यात सुटला. कोपराच्या खळगीत एक दोरीसारखी रेघ अजून जाडच आहे, तिथे ती रात्री सिलिकॉनची पट्टी लावून झोपते आणि सकाळी देवपूजेच्या आधी तेल लावून वीस आकडे मोजते.